एनडीआयएसरॅपर

एनडीआयएसरॅपर ही मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठी लिहिलेले वायरलेस कार्डांचे ड्रायव्हर लिनक्स या संचालन प्रणालीवर चालवणारी मुक्त स्रोत संगणक प्रणाली आहे. तिची सुरुवात २००३ मध्ये पाँटस फुक्स यांनी केली. पुढे अनेक वर्षे तिच्या विकासाचे व देखभालीचे काम गिरिधर पेम्मासानी यांनी पाहिले. ती ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली उपलब्ध आहे. लॅपटॉपमधील वायरलेस कार्ड सुस्थितीत आहे, परंतु निर्मात्याने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला नाही आणि कार्डाची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केलेली नाही, अशा परिस्थितीत कार्ड चालू करण्याचा मार्ग म्हणून ही प्रणाली मुख्यतः वापरली गेली. २००३ ते २००८ या काळात तिचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. त्यानंतर बहुतेक कार्डांसाठी लिनक्सचे स्वतःचे ड्रायव्हर तयार झाल्याने तिची गरज कमी होत गेली.

पार्श्वभूमी

संगणकाला जोडलेले कोणतेही उपकरण संचालन प्रणालीला थेट ओळखता येत नाही. उपकरणाच्या कोणत्या नोंदस्थानात कोणती संख्या लिहिली असता काय घडते, याची माहिती असलेली एक स्वतंत्र आज्ञावली त्यासाठी लागते. तिलाच ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर नसेल तर कार्ड विजेवर चालू असूनही निरुपयोगी ठरते.

आयईईई ८०२.११बी हे मानक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारित पहिल्या पिढीतील अनेक कार्डांमध्ये प्रिझम किंवा ओरिनोको या प्रकारच्या चिप होत्या आणि त्यांच्यासाठी लिनक्सवर ड्रायव्हर उपलब्ध होते. २००३ मध्ये प्रति सेकंद ५४ मेगाबिट वेगाचे ८०२.११जी हे मानक आल्यावर स्थिती बदलली. लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम या कंपनीच्या चिप मोठ्या संख्येने बसवल्या जाऊ लागल्या. या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता आणि तो लिहिण्यासाठी आवश्यक असलेली कागदपत्रेही खुली नव्हती. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो या नावाने आणलेल्या लॅपटॉप संचातील वायरलेस कार्डाबाबतही आरंभी हीच अडचण होती.

माहिती न देण्यामागे निर्मात्यांकडून दोन कारणे सांगितली जात. पहिले कारण व्यापारी स्पर्धेचे होते. दुसरे कारण रेडिओ लहरींच्या नियमनाशी संबंधित होते. नव्या चिपमध्ये प्रक्षेपणाची वारंवारता व शक्ती ड्रायव्हरमधून ठरवली जात असे. ड्रायव्हरचा स्रोत खुला केल्यास वापरकर्ते अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनसारख्या नियामक संस्थांनी घालून दिलेल्या मर्यादा ओलांडतील, असा हा युक्तिवाद होता.

नाव आणि मूळ कल्पना

एनडीआयएस हे ‘नेटवर्क ड्रायव्हर इंटरफेस स्पेसिफिकेशन’ या नावाचे संक्षिप्त रूप आहे. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम या कंपन्यांनी मिळून तयार केलेल्या या विनिर्देशात नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने संचालन प्रणालीशी कोणत्या पद्धतीने बोलावे हे ठरवून दिलेले आहे. रॅपर म्हणजे वेष्टन. विंडोजच्या ड्रायव्हरभोवती असे वेष्टन घालायचे, की आतील ड्रायव्हरला आपण विंडोजवरच चालत आहोत असे वाटावे आणि बाहेरच्या लिनक्सला तो एक सामान्य नेटवर्क ड्रायव्हर दिसावा, अशी ही कल्पना आहे.

ती शक्य होण्याचे कारण प्रोसेसरमध्ये आहे. एकाच प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार केलेल्या यंत्रसंहितेतील सूचना संचालन प्रणालीनुसार बदलत नाहीत. बेरीज करण्याची किंवा स्मृतीतील मूल्य वाचण्याची सूचना विंडोजवर आणि लिनक्सवर सारखीच असते. फरक पडतो तो ड्रायव्हर आपल्या कामासाठी संचालन प्रणालीकडे मदत मागतो तेव्हा. स्मृती मिळवणे, ठरावीक वेळेनंतर काम करणे, आलेला डेटा वरच्या थराकडे सोपवणे, या प्रत्येक कामासाठी विंडोजचा ड्रायव्हर विंडोजमधील ठरावीक नावाच्या फलनाला हाक मारतो. त्या नावाचे फलन लिनक्सवर उपलब्ध करून दिले, तर ड्रायव्हरचे काम अडत नाही.

कार्यपद्धती

एनडीआयएसरॅपरचे दोन भाग आहेत. पहिला भाग लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे संचालन प्रणालीच्या गाभ्यात, बसणारे मॉड्यूल हा होय. दुसरा भाग वापरकर्त्याने आज्ञा देऊन चालवायच्या साधनांचा आहे.

विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये साधारणतः दोन महत्त्वाच्या फाइल असतात. आयएनएफ प्रत्यय असलेली फाइल मजकुराच्या स्वरूपातील असून तीत कोणत्या क्रमांकाच्या कार्डांना हा ड्रायव्हर लागू आहे आणि कोणत्या मांडण्या आवश्यक आहेत याची यादी असते. एसवायएस प्रत्यय असलेल्या फाइलमध्ये प्रत्यक्ष यंत्रसंहिता असते. एनडीआयएसरॅपरचे साधन आयएनएफ फाइल वाचून त्यातील मांडण्या लिनक्सला वाचता येतील अशा स्वरूपात साठवते. कर्नलमधील मॉड्यूल एसवायएस फाइल स्मृतीत चढवते आणि तिच्यात अपेक्षिलेल्या विंडोजच्या प्रत्येक फलनाच्या जागी स्वतःचे समकक्ष फलन जोडून देते.

फलनांना मूल्ये पुरवण्याच्या पद्धतीतही फरक आहे. उदाहरणार्थ, ६४ बिट प्रोसेसरवर विंडोज पहिली चार मूल्ये प्रोसेसरच्या चार विशिष्ट नोंदस्थानांतून पाठवते, तर लिनक्स सहा नोंदस्थानांचा वापर करते आणि त्यांचा क्रमही वेगळा असतो. त्यामुळे ड्रायव्हरने केलेली आणि ड्रायव्हरला केलेली प्रत्येक हाक मधल्या मध्ये भाषांतरित करावी लागते.

ड्रायव्हरची यंत्रसंहिता थेट प्रोसेसरवर चालत असल्यामुळे वेग फारसा घटत नाही. मात्र त्याच कारणाने ही पद्धत केवळ एक्स८६ कुळातील ३२ व ६४ बिट प्रोसेसरपुरती मर्यादित राहते. ॲपलच्या पॉवरपीसी प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमच्याच चिप होत्या, परंतु तेथे हा मार्ग उपलब्ध नव्हता.

प्रत्यक्ष वापर

जुन्या लॅपटॉपवर एनडीआयएसरॅपर वापरण्याची प्रक्रिया साधारणतः पुढील टप्प्यांनी होते.

१. कार्डाची ओळख : कार्डाच्या वेष्टनावरील किंवा लॅपटॉपवरील नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाने विकल्या गेलेल्या कार्डांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप आढळतात. त्यामुळे कार्डाचा निर्माता क्रमांक आणि उपकरण क्रमांक पाहावा लागतो. लिनक्सवर पीसीआय उपकरणांसाठी ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबी उपकरणांसाठी ‘एलएसयूएसबी’ या आज्ञांनी तो मिळतो. उदाहरणार्थ, १४ई४:४३१८ या क्रमांकातील पहिला भाग ब्रॉडकॉम ही कंपनी दर्शवतो आणि दुसरा भाग बीसीएम४३१८ ही चिप दर्शवतो.

२. योग्य ड्रायव्हर मिळवणे : विंडोज एक्सपीसाठीचा ड्रायव्हर घेतला जातो. कर्नल ३२ बिट असेल तर ड्रायव्हरही ३२ बिट आणि कर्नल ६४ बिट असेल तर ड्रायव्हरही ६४ बिट असावा लागतो. हा नियम प्रोसेसरला नव्हे, तर स्थापित केलेल्या कर्नलला लागू होतो. अनेकदा ड्रायव्हर स्वयंस्थापित फाइलच्या स्वरूपात मिळतो. अशा वेळी ती फाइल उकलून आतील आयएनएफ व एसवायएस फाइल वेगळ्या काढाव्या लागतात.

३. प्रतिस्पर्धी ड्रायव्हर थांबवणे : लिनक्समधील एखाद्या मॉड्यूलने कार्ड आधीच ताब्यात घेतले असेल तर एनडीआयएसरॅपरला ते मिळत नाही. त्यामुळे त्या मॉड्यूलला काळ्या यादीत टाकून संगणक पुन्हा सुरू केला जातो.

४. स्थापना व तपासणी : आयएनएफ फाइलचे नाव देऊन ड्रायव्हर स्थापित केला जातो. त्यानंतर यादी मागवली असता ड्रायव्हर स्थापित झाला आहे आणि त्याला जुळणारे उपकरण संगणकात आहे, अशा दोन्ही गोष्टी दिसणे आवश्यक असते. फक्त पहिली दिसत असेल तर निवडलेली आयएनएफ फाइल त्या कार्डाची नाही, असा त्याचा अर्थ होतो.

५. मॉड्यूल चढवणे : कर्नलमध्ये मॉड्यूल चढवल्यावर कार्ड साधारणतः ‘डब्ल्यूलॅन०’ या नावाने दिसू लागते. पुढील जोडणी आणि संकेतशब्दाचे काम डब्ल्यूपीए सप्लिकंट ही स्वतंत्र प्रणाली करते.

हे सर्व टप्पे पार पडूनही जवळपासची नेटवर्क दिसत नसतील, तर दोष ड्रायव्हरमध्येच असतो असे नाही. त्या काळातील अनेक लॅपटॉपच्या कडेला रेडिओ बंद करणारी कळ असे. ती बंद असल्यास कार्ड ओळखले जाते, पण लहरी प्रक्षेपित करत नाही. तसेच भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १ ते १३ क्रमांकाच्या वाहिन्या वापरता येतात, तर अमेरिकी बाजारपेठेसाठी तयार झालेली अनेक कार्डे १ ते ११ याच वाहिन्या पाहतात. राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर असल्यास अशा कार्डाला ते नेटवर्क दिसत नाही.

मर्यादा

एनडीआयएसरॅपर विंडोज एक्सपीच्या काळातील एनडीआयएस ५ मालिकेवर आधारित आहे. विंडोज व्हिस्टापासून आलेल्या एनडीआयएस ६ मालिकेचे ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत. म्हणून ज्या कार्डाचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हरच कधी निघाला नाही, त्याला तिचा उपयोग होत नाही.

मूळ ड्रायव्हरमध्ये जी सोय नाही ती वेष्टनातून मिळू शकत नाही. लॅपटॉपला ॲक्सेस पॉइंट बनवणे किंवा हवेतील सर्व पॅकेट नुसती ऐकणारी निरीक्षण अवस्था वापरणे यामुळे शक्य होत नाही.

स्मृतीच्या वापरातील फरकही अडचणीचा ठरला. विंडोजच्या ३२ बिट कर्नलमध्ये ड्रायव्हरला १२ किलोबाइटचा स्टॅक मिळतो. लिनक्सच्या ३२ बिट कर्नलमध्ये तो सामान्यतः ८ किलोबाइट होता आणि फेडोरासारख्या काही वितरणांनी तो ४ किलोबाइटवर आणला होता. विंडोज गृहीत धरून लिहिलेला ड्रायव्हर ही मर्यादा ओलांडत असे आणि संपूर्ण संगणक गोठत असे. अशा वितरणांवर एनडीआयएसरॅपर वापरण्यासाठी मोठ्या स्टॅकचा वेगळा कर्नल तयार करून घ्यावा लागे.

याशिवाय लिनक्स कर्नलच्या अंतर्गत रचनेत प्रत्येक आवृत्तीत बदल होतात. कर्नलच्या बाहेर राहिलेल्या एनडीआयएसरॅपरला दरवेळी त्या बदलांशी जुळवून घ्यावे लागते.

सुरक्षितता

ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत असल्याने त्याला संगणकावरील सर्व अधिकार मिळतात. ड्रायव्हर बंद स्रोताचा असेल तर त्यातील दोष केवळ त्याचा निर्माताच दुरुस्त करू शकतो. वायरलेस ड्रायव्हरच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर असतो, कारण हल्लेखोराने पाठवलेले पॅकेट नेटवर्कशी जोडणी होण्यापूर्वीच ड्रायव्हरपर्यंत पोहोचते.

याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २००६ मध्ये पुढे आले. ब्रॉडकॉमच्या ‘बीसीएमडब्ल्यूएल५’ या विंडोज ड्रायव्हरमध्ये नेटवर्कचे नाव प्रमाणाबाहेर लांब असलेले पॅकेट आल्यास परकी संहिता चालवता येते, असा दोष प्रसिद्ध झाला. एनडीआयएसरॅपरवर सर्रास वापरला जाणारा ड्रायव्हर हाच होता. त्यामुळे विंडोज न वापरणारे लोकही या धोक्याच्या कक्षेत आले. लिनक्सच्या वितरणांना त्या फाइलमधील दोष दुरुस्त करता येत नव्हता. २००८ मध्ये एनडीआयएसरॅपरच्या स्वतःच्या १.५३ या आवृत्तीतही लांब नावांशी संबंधित अशाच स्वरूपाचे दोष आढळले. ही प्रणाली खुली असल्यामुळे ते मात्र वितरणांनी स्वतः दुरुस्त केले.

परवान्याविषयीचा वाद

एनडीआयएसरॅपरची स्वतःची संहिता मुक्त परवान्याखाली आहे, परंतु तिचे कामच बंद स्रोताचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आणणे हे आहे. त्यामुळे लिनक्स विकसकांत तिच्याविषयी मतभेद होते. बंद ड्रायव्हर चालू असताना आलेल्या बिघाडाचे कारण शोधणे विकसकांना शक्य नसते. म्हणून हे मॉड्यूल चढवताच कर्नलवर ‘दूषित’ अशी खूण व्हावी, यासाठी एनडीआयएसरॅपरचे नाव घेऊन कर्नलच्या संहितेत तपासणी घालण्यात आली. कर्नलमधील काही फलने केवळ मुक्त परवान्याच्या मॉड्यूलसाठी राखीव असतात. २००८ मध्ये झालेल्या एका बदलामुळे ती एनडीआयएसरॅपरला मिळेनाशी झाली होती. चर्चेनंतर दूषित असल्याची खूण कायम ठेवून त्या फलनांचा वापर पुन्हा खुला करण्यात आला.

समर्थकांचे म्हणणे असे होते की, ज्याच्या हातात लॅपटॉप आहे त्याला आज नेटवर्क हवे आहे आणि वेष्टन नसेल तर तो विंडोजकडे परत जाईल. विरोधकांचे म्हणणे असे होते की, बंद ड्रायव्हर चालू शकतो असे दिसले की निर्मात्यांवर माहिती खुली करण्याचा दबाव राहत नाही. ओपनबीएसडी या प्रकल्पाने दुसरी भूमिका घेऊन बंद ड्रायव्हर स्वीकारण्यास नकार दिला. फ्रीबीएसडीमध्ये मात्र बिल पॉल यांनी याच धर्तीचे वेष्टन तयार केले आणि ते फ्रीबीएसडी ५.३ या आवृत्तीपासून समाविष्ट झाले. या कामाला ‘प्रोजेक्ट ईव्हिल’, म्हणजे ‘दुष्ट प्रकल्प’, असे उपरोधिक नाव मिळाले. लिनक्सवर लिनक्संट या कंपनीचे ड्रायव्हरलोडर हे याच प्रकारचे व्यावसायिक उत्पादनही उपलब्ध होते.

मूळ ड्रायव्हरांचा विकास

एनडीआयएसरॅपर वापरात असतानाच लिनक्सचे स्वतःचे ड्रायव्हर लिहिण्याचे प्रयत्न सुरू होते. इंटेलने आपल्या सेंट्रिनो कार्डांसाठी स्वतः ड्रायव्हर प्रकल्प सुरू केले आणि ऑक्टोबर २००५ मधील २.६.१४ या कर्नलमध्ये आयपीडब्ल्यू२१०० व आयपीडब्ल्यू२२०० हे ड्रायव्हर आले.

ब्रॉडकॉमच्या चिपसाठी स्वयंसेवकांनी वेगळी पद्धत अवलंबली. वायरलेस राउटरमध्ये असलेल्या ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरचा एका गटाने अभ्यास केला आणि चिप कशी वागते याचे लेखी वर्णन तयार केले. दुसऱ्या गटाने मूळ संहिता न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कामाची ही विभागणी स्वामित्वहक्काचा भंग होऊ नये म्हणून केली गेली. त्यातून तयार झालेला बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर जून २००६ मधील २.६.१७ या कर्नलमध्ये समाविष्ट झाला. जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत त्याची जागा बी४३ आणि बी४३लेगसी या ड्रायव्हरांनी घेतली. चिपच्या आत चालणारे फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमच्या मालकीचेच राहिले. ते वितरित करण्याची परवानगी नसल्याने प्रत्येक वापरकर्त्याला ते मूळ ड्रायव्हरच्या फाइलमधून स्वतः कापून काढावे लागे. त्यासाठी फर्मवेअर कटर नावाचे साधन लिहिले गेले.

अथेरॉस कंपनीच्या कार्डांसाठी मॅडवायफाय हा ड्रायव्हर होता, परंतु त्याचा एक भाग बंद होता. एप्रिल २००८ मध्ये पूर्णतः खुला एटीएच५के हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. त्याच वर्षी अथेरॉसने नव्या चिपसाठी एटीएच९के हा ड्रायव्हर स्वतः खुला केला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या काही नव्या चिपसाठी मुक्त स्रोत ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

जुन्या लॅपटॉपवरील सद्यस्थिती

एनडीआयएसरॅपरचे महत्त्व कमी झाले तरी ज्या लॅपटॉपसाठी ती तयार झाली ते अद्याप वापरात आढळतात. अशा लॅपटॉपवर वायरलेस कार्ड चालू करताना केवळ ड्रायव्हर मिळणे पुरेसे नसते. सुरक्षिततेचे मानकही जुळावे लागते. १९९७ च्या मूळ मानकातील डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच असुरक्षित ठरली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आले. विंडोज ९८ मध्ये यांपैकी नव्या पद्धतींची अंगभूत सोय नाही. विंडोज एक्सपीमध्ये डब्ल्यूपीए२ साठी २००५ मधील वेगळे अद्ययावतीकरण किंवा २००८ मधील तिसरा सर्व्हिस पॅक आवश्यक असतो, आणि एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे. जुन्या लॅपटॉपसाठी घरातील राउटर पुन्हा डब्ल्यूईपीवर नेल्यास त्या घरातील प्रत्येक उपकरणाची सुरक्षितता कमी होते.

लिनक्सचे मूळ ड्रायव्हर येथे उपयोगी पडतात. कर्नलमधील मॅक८०२११ हा थर डब्ल्यूपीए२ साठी लागणारी गणिते कार्डाऐवजी संगणकाच्या प्रोसेसरवर करू शकतो. त्यामुळे ज्या कार्डाच्या चिपमध्ये ती सोय नाही, असे कार्डही अनेकदा आजच्या राउटरशी सुरक्षितपणे जोडता येते. मात्र ८०२.११बी व ८०२.११जी कार्डांना ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील नेटवर्क दिसत नाहीत, आणि केवळ डब्ल्यूपीए३ स्वीकारणाऱ्या राउटरशी ती सहसा जोडली जात नाहीत.

मूळ ड्रायव्हर उपलब्ध नसल्यास कार्ड बदलणे हा बहुधा एनडीआयएसरॅपरपेक्षा सोपा उपाय असतो. मिनी पीसीआय खोबण असलेल्या लॅपटॉपमध्ये अथेरॉस चिपचे जुने कार्ड बसवता येते. तथापि काही निर्मात्यांच्या लॅपटॉपमधील बायोस ठरावीक यादीतील कार्डेच स्वीकारते आणि अन्य कार्ड बसवल्यास संगणक सुरू होण्यास नकार देते. अशा लॅपटॉपसाठी यूएसबी अडॅप्टर हा पर्याय उरतो. एआर९२७१ या चिपच्या अडॅप्टरसाठी ड्रायव्हर खुला आहे आणि त्याच्या फर्मवेअरचा स्रोतही २०१३ मध्ये खुला करण्यात आला. यूएसबी १.१ जोडणी असलेल्या फार जुन्या लॅपटॉपवर मात्र कोणत्याही अडॅप्टरचा वेग प्रति सेकंद १२ मेगाबिटच्या वर जात नाही.

मुक्त ड्रायव्हरांचा आधारही कायमचा नसतो. देखभाल करणारे कोणी न उरल्याने पीसीएमसीआयए काळातील काही वायरलेस कार्डांचे ड्रायव्हर अलीकडच्या कर्नलमधून काढून टाकण्यात आले आहेत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या वितरणाने ३२ बिट एक्स८६ संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय थांबवली. तरीही दोन्ही मार्गांत एक फरक राहतो. काढून टाकलेल्या मुक्त ड्रायव्हरचा स्रोत उपलब्ध असतो आणि इच्छुक व्यक्तीला तो दुरुस्त करून पुन्हा वापरता येतो. एनडीआयएसरॅपरवर चालणारे कार्ड मात्र शेवटपर्यंत विंडोज एक्सपीसाठी निघालेल्या एका बंद फाइलवर अवलंबून असते. ती फाइल हरवली तर ते पुन्हा चालू करण्याचा मार्ग उरत नाही.